नोराबाईंच्या गाण्याला तिळगुळाची साथ

सुमंत बोंद्र्यांना गळा नव्हता, पण कान होता. कान असा की त्यांच्या पार्सिपनीच्या बेसमेंटमध्ये कुठलाही गवई येऊन बसला, की आधी तंबोरे लावायचा आणि मग सुमंतरावांना कुठे बसवलंय ते बघून घ्यायचा. कारण त्यांची दाद. गाणाऱ्यानं एखादी अवघड जागा घ्यावी, ती अजून हवेत असावी, आणि नेमकं तेव्हाच समोरून "वा" यावं. आधी नाही, नंतर नाही. फक्त ते "वा" हळू यायचं नाही. माणूस आयुष्यभर न्यू जर्सीचे पूल तपासत हिंडलेला. डोक्यावरून ट्रक जात असताना खाली उभं राहून बोलायची सवय.

बेसमेंटमध्ये हे कौतुकाचं होतं. बाहेर मात्र त्यानं घात केला.

झालं असं, की त्यांची एकुलती एक मुलगी केया व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं भरलेली, आवाजानं खालच्या पट्टीतली, आणि घरात सगळ्यात जास्त राबूनही फोटोत मागे उभी असलेली. तर केयाचं म्युझिक कॉलेजातलं शेवटचं रिसायटल होतं. हॉलमध्ये शांतता अशी की लोक खोकलासुद्धा दोन तुकड्यांच्या मधल्या वेळासाठी राखून ठेवत होते. केयानं एका सुरावरून दुसऱ्यावर अशी काही मींड घेतली, की सुमंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "क्या बात है."

चेलोवाल्या मुलाच्या हातातला बो, म्हणजे गज, उडाला आणि कोपऱ्यातल्या कुंडीत उभा राहिला. शेजारच्या बाईंना वाटलं, या गृहस्थांना झटका आला. त्यांनी नऊ-एक-एक फिरवला. अँब्युलन्स आली. कांचनताईंनी, म्हणजे सुमंतरावांच्या बायकोनं, स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोघांना समजावलं, "मी डॉक्टर आहे. यांना काही झालेलं नाही. हे असेच आहेत."

त्यानंतर केयानं त्यांना कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही. नंतर रेकॉर्डिंग पाठवायची, खाली लिहायची, "बाबा, घरी ऐक. घरी काय ओरडायचं ते ओरड." आणि सुमंतराव बेसमेंटमध्ये एकटे बसून, फोन कानाला लावून, त्या फोनला दाद द्यायचे. फोन काही मान डोलवायचा नाही.

म्हणून या जानेवारीत केयाचा फोन आला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि चष्माही लावला, जणू त्यानं जास्त ऐकू येणार होतं.

"बाबा, माझा एक पीस होतोय. मी लिहिलेला. वेस्ट विंडसरला, फेब्रुवारीत. स्ट्रिंग्ज आणि एक आवाज. आयरिश गाणं आहे."

"आयरिश," सुमंतराव म्हणाले. या एका शब्दात त्यांनी बागेश्री, मालकंस आणि केयाच्या लहानपणी तिला ऐकवलेल्या सगळ्या कॅसेट्सचं दुःख भरलं.

"बाबा, डोन्ट स्टार्ट. तिकडचे कंपोझर किती वर्षं हेच करतायत. त्यांच्याकडे कविता आणि चाल वेगळी काढताच येत नाही. बायका स्वयंपाकघरात गायच्या ते लोकांनी उतरवून घेतलं, त्यातून कॉन्सर्टचं म्युझिक झालं. मी पण तेच केलंय. गाण्याला हात लावला नाही. खाली स्ट्रिंग्जचा नुसता एक सूर धरून ठेवलाय."

"तंबोऱ्यासारखा?"

"काइंड ऑफ."

"मग तसं म्हण ना."

"आणि गाणार आहे नोरा आंटी."

आता सुमंतरावांनी चष्मा काढला.

नोरा आंटी म्हणजे नोरा कॉनीली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून, कॉनेमाराहून तरुणपणी आलेली, आणि पुढे पार्सिपनीतल्या निम्म्या मराठी मंडळींना घरं विकलेली बाई. आता ब्याऐंशी वर्षांची. ही मंडळी घर बघायला आली की आधी खिशातून होकायंत्र काढतात, हे कळल्यावर नोराबाईंनी स्वतःच एक विकत घेतलं. पुढे पुढे तर दुसऱ्या एजंटांनाच दटावायच्या, "दक्षिणमुखी दाखवून माझा वेळ घालवू नका." देवघर कुठे बसेल ते त्या किचनच्या आधी दाखवायच्या. सुमंतरावांना मात्र काहीच पसंत पडेना. कुठे जिना मधोमध, कुठे ईशान्येला संडास. शेवटी वैतागून नोराबाईंनी स्वतःच्या शेजारचंच घर दाखवलं, म्हणाल्या, "हे घे. काही बिघडलं तर निदान मला ओरडायला लांब यावं लागणार नाही." सुमंतरावांनी घेतलं.

कांचनताई भूलतज्ज्ञ, पहाटे जायच्या, कधी परत येतील सांगता यायचं नाही. सुमंतराव कुठल्यातरी पुलाखाली. केया शाळेतून सुटली की नोराबाईंच्या स्वयंपाकघरात. तिथलं दार कधी लावलेलं नसायचं, नुसतं लोटलेलं. आत सोडा ब्रेड, चहा आणि गाणी. सुमंतराव मुलीला न्यायला आले की गाणं बंद, आणि नोराबाई विचारणार, "बेसमेंट कोरडं आहे ना?" इतकी वर्षं शेजारी राहून सुमंतरावांनी त्यांना गाताना कधी ऐकलंच नव्हतं. त्यांची तक्रार एवढीच, की आपण पोरीला बागेश्री शिकवायला बघत होतो आणि पोर शेजारी बसून कोळ्यांची रडगाणी शिकली.

"तिला तुम्ही दोघं यायला हवे आहात," केया म्हणाली. "मलापण. पण एक कंडिशन आहे, बाबा."

"माहितीये."

"एक आवाज नाही. वा नाही, हाय नाही, मांडीवर थाप नाही. या वेळी झालं ना, तर मी परत नाही बोलवू शकणार. लोकांसमोर मलाच त्रास होतो. आय मीन इट."

"तोंड उघडणार नाही," सुमंतराव म्हणाले आणि ताबडतोब सरावाला लागले.

कांचनताईंचा नवऱ्याच्या सरावावर विश्वास नव्हता. माणसं गप्प करण्याचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि त्यात नुसत्या निश्चयानं कुणी गप्प झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. काहीतरी द्यावं लागतं. त्यांनी संक्रांतीचा डबा काढला. यंदा गुळाचा पाक पुढे गेला होता. मराठी मंडळातल्या हिमानीनं हळदीकुंकवात एक लाडू तोंडात टाकला, ती उखाणा न घेताच घरी गेली.

"नोरा गायला उभी राहिली की हा तोंडात धरायचा," कांचनताई म्हणाल्या. "चावायचा नाही. नुसता धरायचा."

"अगं, हा गोड बोलण्यासाठी देतात."

"अहो, तुम्ही गोडच बोलता. तोच तर प्रॉब्लेम आहे."

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सकाळच्या तालमीला नोराबाईंना न्यायचं काम सुमंतरावांकडे, कारण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्या ड्राइव्ह करत नव्हत्या. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग, हीटर चालू, आणि सुमंतराव गप्प. नोराबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली.

"तू आजारी आहेस का?"

"प्रॅक्टिस करतोय."

"कसली?"

"गप्प बसायची."

नोराबाईंनी खिडकीबाहेर बघत मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे तूसुद्धा."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना सुमंतरावांनी एक एक्झिट चुकवली. त्यांच्या गावात या गाण्याला शान-नोस म्हणतात, म्हणजे नुसतं 'जुनी पद्धत'. साथ नाही, ठेका नाही, एकटा गळा. पण एकटं कुणी गात नाही. लोक स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसलेले असतात, आणि गाणाऱ्यानं एखादं वळण बरं घेतलं, की गाणं चालू असतानाच कुणीतरी म्हणतं, शाब्बास गं पोरी. कुणी म्हणतं, देव तुझ्या पाठीशी आहे. गाणं फार दुःखाचं असलं, तर शेजारचा माणूस उठतो, गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाणं संपेपर्यंत हळूहळू गोल फिरवत राहतो.

"का?" सुमंतराव प्रॅक्टिस विसरले.

"का म्हणजे? नाहीतर माणूस एकटा पडेल ना तिथे." नोराबाईंनी हातमोजे काढून पुन्हा घातले. "इथे पहिल्या तालमीला गायले आणि संपल्यावर पोरांनी मुंडी हलवून पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. सुमंत, रिकाम्या घरात गाऊन बघितलंयस कधी? मी आयुष्यभर रिकामी घरं दाखवलीत. तिथे आपलाच आवाज परत येतो आणि तो फार वाईट असतो."

इतकी वर्षं आपण शेजारच्या बेसमेंटमध्ये बसून दाद देत होतो आणि भिंतीपलीकडे ही बाई दादेवाचून गात होती, हा विचार त्यांना हीटर चालू असूनही गार करून गेला. पण शब्द दिलेला होता. ते गप्प बसले.

हॉल एका जुन्या चर्चचा होता. कंडक्टर देवांग. जन्म एडिसनचा, आईवडील बडोद्याचे, शिस्त मात्र व्हिएन्नाची. त्यानं स्टेजवर नोराबाईंसाठी निळ्या टेपची फुली मारून ठेवली होती. नोराबाई फुलीवर उभ्या राहिल्या, रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून गायला लागल्या.

"मिस कॉनीली, ऑडियन्स इकडे असेल."

"माहितीये. म्हणून तर तिकडे बघतेय."

त्यांना वळवण्यात आलं. पुन्हा सुरुवात. देवांगनं हात थांबवला. "सॉरी, मघाशी या जागी ते वळण नव्हतं."

"मघाशी तू इतका चिडलेला नव्हतास."

व्हायोलिनवाले कधी पुढे जात, कधी मागे राहत. नोराबाईंच्या श्वासाला मोजमाप नव्हतं आणि देवांगच्या काठीला दुसरं काही नव्हतं. तिसऱ्यांदा त्या दुसऱ्या कडव्यातच थांबल्या. शब्द विसरल्या नव्हत्या. नुसत्या थांबल्या, बस थांबते तशा. मग देवांगनं केयाला बाजूला घेतलं, आणि सुमंतरावांचा तो कान असल्यामुळे त्यांना सगळं ऐकू आलं. केयानं मागे नोराबाईंच्या स्वयंपाकघरात फोनवर केलेलं रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये तयार ठेवायचं. त्या अडल्या, की देवांगनं डावा हात वर करायचा, लॅपटॉप सुरू, आणि स्ट्रिंग्जनी त्याच्याबरोबर पुढे जायचं.

"ती तिथे उभी असेल, देवांग," केया म्हणाली. "आणि आवाज स्पीकरमधून?"

"मग तू सांग काय करायचं."

तीन वर्षं या तुकड्यावर काम केलेली मुलगी व्हायोलाच्या खुंट्या उगाच पिळत बसली. सुमंतरावांना वाटलं उठावं, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण गप्प बसायच्या कराराची हद्द कुठपर्यंत आहे ते नीटसं ठरलेलं नव्हतं.

"काका," देवांग जाताजाता म्हणाला, "केयानं सांगितलं मला. थँक्स फॉर कोऑपरेटिंग."

दुपारी हॉल भरला, कांचनताईही कुणाच्यातरी गाडीतून येऊन पोहोचल्या. पहिल्या दोन तुकड्यांना सुमंतराव पुतळ्यासारखे बसले. एकदा मान डोलायला लागली तेव्हा कांचनताईंनी तिला मागून दोन बोटांनी धरलं. मग केया आणि बाकीचे वादक येऊन बसले, नोराबाई हिरव्या स्वेटरमध्ये हळूहळू चालत निळ्या फुलीवर आल्या, आणि कांचनताईंनी पर्समधून लाडू काढला. सुमंतरावांनी आज्ञाधारकपणे आ केला.

स्ट्रिंग्जनी खालचा एकच सूर धरला. तंबोराच. काइंड ऑफ वगैरे काही नाही, चक्क तंबोरा. आणि नोराबाई गायला लागल्या.

गाण्यात एक बाई आहे, तिचा भाऊ होडी घेऊन गेला तो परतलेला नाही, हे हातातल्या पत्रिकेत छापलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणी रचलं माहीत नाही. एका चुलीपाशी ऐकून दुसऱ्या चुलीपाशी गायलेलं. पत्रिकेची गरज पडली नाही. आवाज म्हातारा होता, कडेला जरा उसवलेला. पण पहिल्या कडव्याच्या शेवटी त्या आवाजानं वरून खाली येताना मध्येच एक पायरी वळून पाहिलं, दाराशी थबकून कुणी मागे बघतं तसं, आणि मग तो सुरावर उतरला. ही जागा आयुष्यात एखाद्या वेळी ऐकायला मिळते. सुमंतरावांच्या छातीतून "वा" निघालं, गळ्यापर्यंत आलं आणि तिळगुळावर आपटून परत गेलं.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. लोकांना आवडलं नव्हतं असं नाही. आवडलं होतं म्हणूनच श्वास धरून बसले होते. पण नोराबाईंपर्यंत पोहोचली ती फक्त शांतता. त्यांनी दुसरं कडवं धरलं, एक ओळ गायल्या, आणि सुमंतरावांना दिसलं की त्यांची नजर हॉलभर फिरतेय. ते त्या नजरेला ओळखत होते. बेसमेंटमधले गवई त्यांना असंच शोधायचे. मग नोराबाईंनी हळूच लोकांकडे पाठ फिरवली आणि त्या थांबल्या.

खालचा सूर चालू राहिला. केयाचा बो जात होता, येत होता, आणि तिचे डोळे मिटलेले होते. देवांगचा डावा हात वर जायला लागला.

सुमंतरावांनी एवढाच हिशेब केला, की केयानं पुन्हा बोलावलं नाही तर आपण फोनवर ऐकू. त्याची सवय आहे. पण केयाला ज्या बाईनं गाणं दिलं, त्या बाईला आज पोरीच्याच गाण्यात एकटं सोडलं, तर कुठलंच रेकॉर्डिंग ऐकवणार नाही. त्यांनी तोंडात बोटं घालून लाडू ओढला. लाडू येईना. त्यांनी जोर केला. लाडू आला, आणि त्याच्याबरोबर वरच्या पुढच्या दातांचा ब्रिजसुद्धा आला. राज्यातले एवढे पूल ज्याच्या सहीनं उभे, त्याच्या स्वतःच्या तोंडातला एक असा पडला.

"फा," सुमंतराव म्हणाले. आवाज ट्रकवरून जाणारा. "फा, नोलाबाई. फा."

कांचनताईंनी डोळे मिटले. केयानं उघडले. देवांगचा हात अर्ध्यात राहिला; आता तो ट्रॅफिक थांबवत असल्यासारखा दिसत होता.

नोराबाई वळल्या. त्यांनी सुमंतरावांकडे पाहिलं, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, जे कुणालाच कळलं नाही, आणि उजवा हात पुढे केला.

आता हात पुढे केल्यावर जायला तर हवं. सुमंतराव निघाले. रांगेतल्या एका आजोबांच्या गुडघ्यांवरून, एका बाईंच्या कोटावरून, दोन पर्सेस आणि एक ऑक्सिजनचं नळकांडं ओलांडून, "फॉली, फॉली" करत. स्टेजच्या पायरीवर त्यांच्या ध्यानात आलं, की लाडू अजून उजव्या मुठीत आहे. ठेवायला जागा नव्हती. म्युझिक स्टँडवर ठेवावा तर देवांगची नजर. तेवढ्यात नोराबाईंनी तोच हात धरला.

त्यांनी दुसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. सुमंतराव हात फिरवायला लागले. गोल, हळू, तळहाताला तळहात चिकटून. दोन वाटोळी झाल्यावर त्यांच्या खांद्याला काहीतरी आठवलं, त्यांच्या आधी. लहानपणी त्यांची आई आणि शेजारच्या अनसूयाकाकू जात्याचा एकच खुंटा दोघी मिळून धरायच्या. पीठ पडायचं आणि ओव्या म्हटल्या जायच्या. सासर, भाऊ, माहेरची वाट. एकीला श्वास लागला की दुसरी ओढायची. हेच वाटोळं. त्यांना तेव्हा वाटायचं, जातं फिरावं म्हणून बायका गातात. आता वाटलं, कुणीतरी हाताला हात लावावा म्हणून दळण काढत असतील.

एक ओळ संपली तशी नोराबाई ओठ न हलवता पुटपुटल्या, "हातात काय टोचतंय?"

"माझे दात."

"बरं," नोराबाई म्हणाल्या आणि पुढची ओळ उचलली.

आणि एक गंमत झाली. सकाळपासून मागेपुढे होणारे व्हायोलिनवाले या दोघांच्या हाताकडे बघायला लागले. हात वर जाताना श्वास, हात खाली येताना सूर. ज्याचं मोजमाप नव्हतं ते आता सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. देवांग हुशार मुलगा. त्यानं थोडा वेळ आपली काठी त्या हाताच्या मागे मागे फिरवून पाहिली, मग सरळ खाली केली आणि उभा राहून ऐकायला लागला. केयाच्या गालावरून पाणी ओघळून व्हायोलावर पडत होतं आणि ती हसत होती.

तिसऱ्या कडव्यात नोराबाईंनी ती जागा पुन्हा घेतली. तशीच नाही, या वेळी आवाज दोनदा वळून पाहून उतरला. सुमंतराव हळूच म्हणाले, "फा." आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा, इतका वेळ झोपलेला वाटत होता तो, खणखणीत आवाजात त्या बाईंच्याच भाषेत काहीतरी ओरडला. नोराबाईंचा चेहरा उजळला. मग पुढून, तिसऱ्या रांगेतून, एका बाईचा संकोचलेला आवाज आला.

"क्या बात है."

कांचनताई. लग्नाच्या इतक्या वर्षांत, एवढ्या मैफिली बाजूला बसून काढल्यावर, त्यांनी कधी ओठ हलवले नव्हते. सुमंतराव इतके दचकले की हात एक वाटोळं उलटा फिरला, आणि व्हायोलिनवाले बिचारे त्याबरोबर उलटे गेले.

शेवटच्या कडव्यात ती बाई घरात काय काय तसंच ठेवलंय ते सांगते. त्याचा कोट खुंटीवर, त्याची जागा चुलीपाशी. आणि अखेरची ओळ नोराबाईंनी गायलीच नाही. स्ट्रिंग्जचा सूर थांबला आणि त्यांनी ती नुसती बोलून टाकली, साध्या आवाजात, दुधाचं सांगावं तशी. पत्रिकेत तिचा अर्थ दिला होता: दार लोटलंय, कडी घातलेली नाही.

लोकांना क्षणभर कळेना संपलं की काय. मग जे टाळ्या वाजवायला लागले ते उठून उभे राहिले.

नोराबाईंनी वाकून नमस्कार केला. सुमंतरावही वाकले, कारण हात सुटत नव्हता. तिळगूळ ऊब लागून पातळ झाला होता आणि दोघांच्या घामानं पुन्हा घट्ट बसला होता. देवांग आभाराला पुढे आला. त्यानं नोराबाईंचा डावा हात हातात घेतला. तिघं जण लहान मुलांच्या खेळासारखे ओळीनं उभे राहिले. कुणीतरी फोटो काढला.

ग्रीन रूममध्ये केयानं पेपर कपात कोमट पाणी आणलं. ती दोघांचे हात कपाशी धरून बोटांनी गूळ सोडवत बसली. शेवटी हात सुटले आणि ब्रिज नोराबाईंच्या तळहातावर राहिला, चार दात, वर तीळ लागलेले.

नोराबाईंनी तो उजेडात धरून बघितला. "पुरुषांनी मला आजवर अंगठ्या दिल्यात. हे पहिल्यांदा."

केया हसता हसता खुर्चीत बसली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, मी सांगितलं होतं एक आवाज नाही."

"मी 'वा' नाही म्हटलं," सुमंतराव म्हणाले. "'फा' म्हटलं. कोल्टातही पुलावा नाही फापडणार."

"काय?"

"कोर्टात," कांचनताईंनी भाषांतर केलं. "दात नसले की असं होतं. आणि तू त्यांना रागावू नकोस. रागवायचं तर मला पण रागव."

"आई, तुला तर मी..." केयानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, ऐक. मेमध्ये हेच आम्ही बॉथेलला करतोय, तिकडे वॉशिंग्टन स्टेटमध्ये. नोरा आंटी येतेय. तुझं तिकीट मी काढते."

सुमंतरावांनी खाली बघितलं. "कंडिशन?"

"हात धुऊन यायचं."

परत येताना कांचनताई मागच्या सीटवर झोपल्या. बाहेर अजून थोडा उजेड होता, बर्फ निळसर दिसत होता. सुमंतरावांनी गाडी नोराबाईंच्या दारापाशी लावली आणि त्यांना धरून पायऱ्यांवरून न्यायला उतरले, कारण पायऱ्यांवर बर्फ गोठलेला होता.

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. रस्ताभर मनात जुळवत आले होते. की तुम्ही आम्हाला नुसतं घर दाखवलं नाहीत. की आम्ही दोघं कामावर असताना आमच्या पोरीच्या कानात कुणी काय घातलं ते मला आज कळलं, आणि मी त्याला रडगाणी म्हणत होतो. चांगली लांबलचक वाक्यं होती, दोन-तीन ठिकाणी वळणं होती. दारापाशी पोहोचल्यावर सगळी गेली.

"थँक यू, नोलाबाई," ते नुसतंच बोलून गेले, साध्या आवाजात.

नोराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पायऱ्या केव्हाच संपल्या होत्या आणि सुमंतराव त्यांचा हात अजून हळूहळू गोल फिरवत होते.

"सुमंत," त्या म्हणाल्या, "हात सोड. चहा टाकायचाय. कांचनला उठव आणि या."

त्या आत गेल्या. मागे दार लोटलं, आणि कडी वाजली नाही.